हसणाऱ्या माणसांच्या फाइली

४ जानेवारी
ऑफिसातल्या एका कोऱ्या रजिस्टरमध्ये लिहायला घेतलंय. घरात भ्यायचं नाही असं मी ठरवलंय, आणि भीती तर कुठेतरी ठेवायलाच हवी. डबा खाऊन झाला की पंधरावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात ती इथे ओतायची, रजिस्टर ड्रॉवरमध्ये टाकायचं, कुलूप लावायचं आणि घरी हसऱ्या तोंडानं जायचं.

यांची ट्रीटमेंट संपून आज सहा महिने झाले. मानेतल्या गाठी गेल्या. केस परत आले, तेही आधीपेक्षा दाट. डॉक्टर म्हणाले, "छान आहे सगळं. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा मात्र." सगळं छान आहे तर दाखवत कशाला राहायचं? त्या 'मात्र'नं माझी झोप उडवली आहे.

हॉस्पिटलच्या संशोधन विभागात मी प्रश्नावल्या भरून घेते. नऊ वर्षं झाली. कॅन्सर झालेल्या माणसासमोर बसायचं आणि साठ प्रश्न विचारायचे. पहिला भाग मनाचा: गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं? दुसरा माणसांचा: अडीनडीला हाक मारावी अशी किती माणसं आहेत? तिसरा देवाचा: प्रार्थना रोज करता, कधीतरी, की कधीच नाही? मग दर सहा महिन्यांनी फोन करून पुन्हा तेच विचारायचं. मन, माणसं आणि देव यांचा कॅन्सरनंतर जगण्याशी काही संबंध लागतो का, हे मॅडमना शोधायचंय. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर. त्यांना अजून उत्तर सापडलेलं नाही. मला कधीच सापडलंय. नऊ वर्षं फोन करतेय मी. जे फोन उचलतात ते हसरे असतात, घरात माणसांचा राबता असतो आणि ओठावर देवाचं नाव असतं.

काल यांना स्वयंपाकघरात बसवून साठही प्रश्न विचारले. चांगल्या उत्तराला एक मार्क. साठपैकी एकेचाळीस पडले.

९ जानेवारी
एकेचाळीसवर मी यांना सोडणार नाही. कामाला लागले आहे.

माणसं: यांचं शिंप्याचं दुकान आहे, कोट आणि शर्ट शिवतात. आजूबाजूचे चार दुकानदार एरवी दुकानातच भेटायचे, त्यांना आता घरी चहाला बोलावते. काल नऊ जण होते. हे मध्ये खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसवल्यासारखे.

देव: यांचं आणि देवाचं कधी जमलंच नाही. "माझं त्याच्याशी भांडण नाही गं, ओळखच नाही," म्हणतात. वन्सं दोन गल्ल्या पलीकडे राहतात, रोज संध्याकाळी तासभर प्रार्थनेला बसतात. म्हटलं, जा तुमच्या बहिणीकडे, करून घ्या ओळख. "वशिल्यानं?" म्हणाले. पण गेले.

मन: घरात 'परत' हा शब्द बोलायचा नाही. 'चावी परत दे' असंसुद्धा नाही. कुणी विचारलं कसे आहात, तर "एकदम मस्त" म्हणायचं. काल ते नुसतं "बरा आहे" म्हणाले तेव्हा मी टेबलाखालून चिमटा काढला.

१८ जानेवारी
आज एक मोठं काम केलं. तीस तारखेला यांची तपासणी होती. गेल्या वेळी पाहिलंय ना मी, तपासणीच्या आधी दोन आठवडे माणूस बोलेनासा होतो. जेवण जात नाही, उगाच मान चाचपत बसतात. म्हणजे जरा कुठे मार्क वर चढायला लागले की ही तारीख येते आणि सगळं मुसळ केरात. हॉस्पिटलात फोन करून तारीख पुढे ढकलली, चांगला दीड महिना. तोवर मनानं घट्ट होतील.

यांना सांगितलं तर लगेच "बरं झालं" म्हणाले. एका शब्दानं वाद नाही.

फोन ठेवल्यावर कॅलेंडरवरची तीस तारीख मी दोनदा खोडली. पण हे बरोबर आहे. बरोबरच आहे.

२ फेब्रुवारी
सत्तावन्न!

दोनदा मोजले. सकाळी हे अंघोळीला गेले ते कितीतरी वेळ बाहेरच येईनात. मी फॉर्म घेऊन दाराबाहेर उभी. बाहेर आले, टॉवेल खांद्यावरून घट्ट गुंडाळलेला, आणि म्हणाले, "विचार तुझे प्रश्न." आपणहून! एरवी कपाळाला आठ्या पडतात. पटापट उत्तरं दिली. उदास? कधीच नाही. भीती? छे. उद्याबद्दल आशा वाटते? नेहमी. प्रार्थना? रोज. उत्तरं देताना माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते, पण चेहरा शांत होता, इतका शांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

मी त्यांच्या गळ्यातच पडले. म्हणाले, "अगं, हळू." जेवायला गोड केलं. गेल्या वर्षापासून छातीवर बसलेलं ओझं आज जरा सरकलं.

९ फेब्रुवारी
यांनी स्वतःसाठी तीन नवे शर्ट शिवलेत. चांगले सैल, बाह्या तर अशा की एका बाहीत दोन हात जातील. जुने मापाचे शर्ट दुकानातल्या पोरांना देऊन टाकले. म्हटलं, "हे काय, तंबूत राहायला जाताय?" म्हणाले, "अंगावर मांस चढतंय ना, आत्ताच सोय केलेली बरी."

अंगावर मांस चढणार असं ज्याला वाटतं त्याला जगायचंच असतं! असा प्रश्न आमच्या फॉर्मात हवा. मॅडमना सुचवणार आहे.

वजनकाटा मात्र दोन किलो कमी दाखवतोय. जुना झालाय, बदलायला हवा.

१५ फेब्रुवारी
आज दुकानावरून जाताना पाहिलं तर हे डाव्या हातानं कापड कापत होते! सत्तावीस वर्षं उजव्या हातानं कापणारा माणूस. कात्री उजव्या हाताची, त्यामुळे डाव्या हातात ती कुरकुरते, कापड चावते. मी विचारलं तर म्हणाले, "नवीन काहीतरी शिकावं म्हटलं." दुकानातला कारागीर माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण यांनी त्याला बटणं आणायला पिटाळलं.

पन्नाशीनंतर नवी विद्या! मनाच्या भागात पूर्ण मार्क.

तरी आज दिवसभर उगाच धाकधूक होतेय. कशाची ते कळत नाही. सगळं तर चांगलं चाललंय.

२१ फेब्रुवारी
वन्संशी वाजलं. म्हणजे मी बोलले आणि त्या गप्प बसल्या, आमचं भांडण असंच असतं.

मी विचारलं, "हे नीट प्रार्थना करतात ना? काय मागतात?"
वन्सं म्हणाल्या, "काही मागत नाही तो. बसतो."
"नुसते बसतात?"
"कधी कधी रडतो."

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "वन्सं, मी एवढं जिवाचं रान करून यांना हसतं ठेवते आणि तुम्ही रडू देता? रडायला पाठवलं का मी तिथे? बळ मागायचं, आयुष्य मागायचं!"

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "मी मागायला बसते असं कुणी सांगितलं गं तुला? तुझे भावजी गेले, पोरं लांब. दिवसभर सगळ्यांसमोर मी खंबीर. तो एक तास मला घाबरता येतं. एवढ्यासाठी बसते."

वन्संचं काहीतरीच. देवासमोर जाऊन घाबरायचं असतं का? उद्यापासून यांना तिकडे पाठवणं बंद. प्रार्थना घरी, माझ्यासमोर.

२७ फेब्रुवारी
आज सकाळी यांची खरी, म्हणजे कागदोपत्री मुलाखत झाली. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही असा नियम आहे, त्यामुळे पेन्सिल घरी आली. पेन्सिल म्हणजे आमच्याकडे नव्यानं लागलेली मुलगी, उंच, बारीक आणि कानावर कायम पेन्सिल. मी तिला सांगितलं, "पटकन उरक, चाळीस मिनिटांचं काम आहे." तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

दीड तास! मी बाहेर भाजी चिरतेय, चिरलेली भाजी पुन्हा चिरतेय. आतून यांचा आवाज येत होता, मधूनच थांबत होता. पेन्सिलचा आवाज जवळजवळ नाहीच. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"किती पडले?" मी विचारलं.
"ताई, फॉर्मातलं बाहेर बोलायचं नाही. तुम्हीच शिकवलंत मला."
"बरं बाई."
चपला घालताना म्हणाली, "तपासणी कधी आहे काकांची?"
"झाली असती जानेवारीत. मी पुढे ढकलली. पंधरा मार्चला आहे."
"ताई, एवढं थांबू नका."
"का? काय म्हणाले हे?"
"फॉर्मातलं बाहेर बोलायचं नाही," ती पुन्हा म्हणाली आणि जिना उतरून गेली.

चार महिने झाले नाहीत कामाला लागून आणि मला शहाणपण शिकवते. तरी भाजी तशीच टाकून आत गेले. यांना विचारलं, "काय बोललात एवढं?" म्हणाले, "एकदम मस्त चाललंय, असं सांगितलं." हसले. मीही हसले. आम्ही दोघं हसत उभे राहिलो आणि मला एकाएकी त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

४ मार्च
डबा खाल्लेला नाही. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पेन्सिलनं माझ्या टेबलावर एक किल्ली ठेवली. म्हणाली, "ताई, बंद फाइलींचं कपाट तुम्ही कधी उघडलंत?"

नाही उघडलं. आमच्या कामाची वाटणीच तशी आहे. फोन लागला नाही, किंवा घरच्यांनी सांगितलं की ते गेले, तर मी फॉर्मावर 'संपर्क बंद' लिहिते, पलीकडच्या टेबलावर ठेवते आणि हात धुऊन येते. खरंच हात धुते. पुढे तो कागद कुठे जातो ते मी नऊ वर्षांत विचारलेलं नाही. माझ्याकडे उरतात ते फोन उचलणारे.

जिन्याखालच्या खोलीत ते कपाट आहे. पाच खण, वरपासून खालपर्यंत गच्च. पहिली फाइल काढली. बेकरीवाले. मला आठवले ते, मुलाखतभर इतके विनोद केले की माझ्या हातून शाई सांडली होती. अठ्ठावन्न मार्क. गेले. दुसरी, शाळेतल्या बाई, सगळी शाळा भेटायला यायची. छप्पन्न. त्याही गेल्या. एक ड्रायव्हर, दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा, एकोणसाठ! पाच महिन्यांत गेला. 'उद्याबद्दल आशा वाटते का?' नेहमी. नेहमी. नेहमी. आणि प्रत्येक खूण माझ्या हातची, निळ्या शाईची, शेवटाला जरा वर उडणारी.

मी जमिनीवर बसकण मारली. मग ती तेवीस मार्कांची म्हातारी आठवली. तिला कुणी नाही, देवाला शिव्या घालते, दर सहा महिन्यांनी मला म्हणते, "अजून मेले नाही, ठेव फोन." आठ वर्षं झाली. तिला मी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हटलं, असतो एखादा अपवाद.

पेन्सिल दारात उभी होती. मी म्हटलं, "मग हसण्याचा काही उपयोगच नाही?"

"तसंही नाही ताई. मॅडम म्हणतात, काही संबंध असेलही. पण ज्याला बरं वाटतं तोच फोनवर हसत असेल. हसला म्हणून बरा झाला असं कशावरून? मॅडमना इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही आणि तुम्ही ठरवून मोकळ्या झालात."

मग एक फाइल उचलून खणात ठेवत म्हणाली, "आणि ताई, तुमच्यासमोर कुणी रडायची हिंमत करत नसेल हो. तुम्ही पेन उचलूनच असता."

दोन महिने मी यांच्याभोवती जे कुंपण घालत होते ते कशाचं होतं? माझ्या हातात काहीच नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं. अर्धी रजा टाकून निघते. यांना आत्ताच्या आत्ता बघायचंय मला.

५ मार्च
काल दुपारी सरळ दुकानात गेले. कारागीर जेवायला गेला होता. हे कापायच्या टेबलापाशी एकटेच, डाव्या हातात कात्री. मला बघून नेहमीसारखं हसले आणि म्हणाले, "एकदम मस्त."

वाटेत मी कायकाय ठरवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "अहो, मला भीती वाटते."

कात्री टेबलावर ठेवली त्यांनी.
"किती?"
"खूप. तुम्ही बाहेर पडता तेव्हा. घरी येता तेव्हा. फोन वाजला की. तुम्ही झोपलात की श्वास मोजत बसते. मला नाही जमत हे हसणं. आता एक दिवस नाही जमणार."

मी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. यांनी शटर अर्धं खाली ओढलं. मग माझ्यासमोर उकिडवे बसून त्या तंबूसारख्या शर्टाची बटणं काढली. "हात आण," म्हणाले. माझा हात धरून त्यांनी आपल्या उजव्या काखेत नेला.

लिंबाएवढी गाठ. तिच्या शेजारी अजून एक, लहान.

"कधीपासून?" मी विचारलं.
"महिना झाला. साबण लावताना लागली हाताला."
"कुठल्या दिवशी?"
"ज्या दिवशी सत्तावन्न पडले."

मी त्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

"सांगणारच होतो गं. दार उघडलं तर तू फॉर्म घेऊन उभी. इतकी आशेनं बघत होतीस. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग तू गोड केलंस. मग रोजच वाटायला लागलं की आजचा दिवस जाऊ दे."
"पण मला, अहो, मला नाही सांगायचं तर कुणाला?"
"तुला काय वाटलं असतं? यांनीच कुठेतरी कमी केलं. नीट हसले नाहीत, मनापासून प्रार्थना केली नाही, म्हणून परत आलं." दोन महिन्यांत तो शब्द आमच्यात पहिल्यांदा उच्चारला गेला. "मला तर तेच वाटत होतं. आपलंच चुकलं असं. त्या पेन्सिलवालीला सांगितलं. तिनं विचारलं भीती वाटते का, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसली."

तारीख मी पुढे ढकलली. मी. हे लिहायलाच हवं, कारण खरं आहे. तीस जानेवारीला गेलो असतो तर गाठ डॉक्टरांच्या हाताला आधी लागली असती. असं यांना म्हटलं तर म्हणाले, "आणि मी लगेच बरं झालं म्हणालो, त्याचं काय? मला तरी कुठे जायचं होतं?"

आज सकाळी सगळ्यात आधी नंबर लावला.

१३ मार्च
रिपोर्ट आला. परत आलंय. आधीपेक्षा जोरात आहे, त्यामुळे औषधंही जोरदार, दाखल होऊन घ्यायची. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, मार्क, ढकललेली तारीख, चिमटे, सगळं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणाले, "आधी आला असतात तर माझं काम सोपं झालं असतं. पण उपाय संपलेले नाहीत."
मी विचारलं, "हे घाबरले तर औषध लागू पडणार नाही असं काही...?"
"घाबरतातच सगळे. घाबरणाऱ्यांनाही औषध लागू पडतं. फक्त ताप आला, दुखलं, काही हाताला लागलं, तर मला त्याच दिवशी कळू दे."

वाचतील का, हे मी विचारलं नाही. धाबं दणाणलंय माझं, आणि आता तर समोर फॉर्मसुद्धा नाही की ज्याच्यात डोकं घालून बसावं.

१९ मार्च
वॉर्डात बसून लिहितेय. रजिस्टर ड्रॉवरमधून काढून आणलं.

सकाळी सिस्टर सलाइन लावायला आली. रोजच्या सवयीनं तिनं हसून विचारलं, "काय काका, कसं वाटतंय?" शेजारच्या पलंगावर माणसं, त्यांचे पाहुणे, सगळे ऐकताहेत. हे म्हणाले, "मला फार भीती वाटतेय." मोठ्यानं. माझा हात सवयीनं चिमट्यासाठी उचलला गेला होता, तो मी त्यांच्या पावलावर ठेवला. पाऊल बर्फासारखं गार होतं.

"कशाची?" मी म्हटलं. "सांगा."

आणि सांगताहेत. सुईची. उलट्यांची. रात्रीच्या पंख्याच्या आवाजाची. मी मागे राहिले तर उभ्या उभ्याच जेवेन, ताट वाढून घेणार नाही, याची. बहिणीच्या आधी जायची, तिला आणखी एक दुःख द्यायची. उजवा हात कायमचा गेला तर, याची. लिफ्टचीसुद्धा! सत्तावीस वर्षं माझ्यासोबत चार चार मजले चढले, व्यायाम होतो म्हणून सांगत. मेल्यावर काही नसलं तर याची, आणि काही असलंच तर ओळख काय सांगायची, याचीही. मध्ये थोडं हसलेही, पण ते कुणासाठी नव्हतं.

माझ्या भीतीच्या चार गोष्टी मीही मध्ये सांगितल्या, तर "हो ना?" म्हणाले, जणू गावाकडचं कुणी भेटलं.

पिशवीतलं औषध निम्मं उतरलंय. हे लिहितेय तोवर त्यांनी दोनदा विचारलं, ऐकतेयस ना? वही मिटते.